पंधरा आकडी नंबर

बॅटरी निघाली आणि दीपचंदशेठ ओरडलेच. "सापडला! मंजू, नंबर सापडला!"

होणाऱ्या जावयाने, अभयकुमारने, साखरपुड्यात सासऱ्याच्या हातात मोबाइल ठेवला त्याला तीन आठवडे झाले होते. थेट अमेरिकेचा सेट. सन अठ्ठ्याण्णवच्या जळगावात मोबाइल मोजक्याच लोकांकडे होता आणि त्यांतला एक आपल्या कापडदुकानात असतो, हे शेठ दिवसातून चारदा कुणाला तरी ऐकवत. पंचाईत एवढीच होती की फोन कधी वाजत नव्हता आणि त्याचा नंबरही शेठना माहीत नव्हता. जावयाला विचारावं, तर स्वतःचं अज्ञान उघडं पडणार.

आज झाकण पुसता पुसता बॅटरी निसटली आणि खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर नंबर दिसला. चांगला पंधरा आकडी.

"बाबूजी, एवढा लांबलचक नंबर असतो का कुठे?" मंजूने विचारलं.

"अमेरिकेचा आहे, बेटा. लांबून येतो."

मंजू खळखळून हसली. हल्ली ती हसायची, आणि ते ऐकून शेठना भरून यायचं. तिची दोन स्थळं मोडली होती, त्यातलं एक तर तिथी ठरल्यावर. तेव्हापासून सज्जनबाईंनी, तिच्या आईने, गोड सोडलं होतं, लेक सासरी जाईपर्यंत. आणि आता हा अभयकुमार! देखणा, गोड बोलणारा, मद्रासला स्वतःचा धंदा. आईवडील नव्हते, एका काकांना घेऊन आला आणि देण्याघेण्याचं नावही काढलं नाही. एवढं लग्न पार पडू दे, मग मला काही नको, असं शेठ रोज मंदिरात हात जोडून सांगत.

त्याच दुपारी ते पितांबरच्या छापखान्यात पोचले. "पत्रिकेवर माझ्या नावाखाली हा मोबाइल नंबर टाक. लाल शाईत."

पितांबरने चष्मा वर केला. "बठ्ठा छापू का, शेठ? पंधरा आकडा शेतस."

"बठ्ठा! एकही गाळायचा नाही."

सातशे पत्रिका निघाल्या. भुसावळ, धुळे, शिंदखेडा, आणि जातभाई व्यापाऱ्यांच्या हस्ते पार इंदूरपर्यंत गेल्या.

धुळ्याच्या पत्रिका शेठ स्वतः वाटायला गेले. जाताना मोबाइल विकणाऱ्या भिकनच्या दुकानात डोकावले. पत्रिका दिली, फोन दाखवला आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

भिकनने नंबर वाचला, बॅटरी काढली आणि तोंडावर हात ठेवला.

"शेठ, हा फोन नंबर नाही. स्कूटरला चेसिस नंबर असतो ना, तसा हा सेटचा नंबर. जगात दुसऱ्या कुठल्या सेटवर सापडणार नाही. फोन नंबर मिळतो तो कार्डाबरोबर, आणि यात कार्डच नाही."

"मग टाक की कार्ड!"

"टाकून काय करू? आपल्याकडचे टॉवर नऊशे मेगाहर्ट्झवर चालतात, हा सेट एकोणीसशेचा. अमेरिकेत बोलेल. इथे मुकाच राहणार."

शेठचे कान लाल झाले. सातशे घरी त्यांनी चेसिस नंबर पोचवला होता!

घरी त्यांनी फक्त मंजूला सांगितलं. तिच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "बाबूजी, स्कूटरचाही छापायचा होता ना!"

"हस, हस. पण जवाईसांना बोलू नकोस. एवढ्या प्रेमाने दिलाय, वाईट वाटेल त्यांना."

लग्नाच्या दिवशीही तो मुका फोन शेठच्या कमरेला होताच. मिरवायला कुठे टॉवर लागतो? कार्यालय माणसांनी फुललं होतं. लांबून बँडचा आवाज येत होता, वरात निघाली होती. शेठचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. मांडवात जा, आचाऱ्याकडे जा, परत दारात या, असं चाललं होतं.

दारात एक अनोळखी वयस्क गृहस्थ उभे होते. काळी टोपी, हातात पत्रिका.

"या, या! ओळखलं नाही मी."

"मी रतिलाल. इंदूरचा. दलालाच्या दुकानात तुमची पत्रिका पाहिली. हा नंबर वाचला आणि निघून आलो."

शेठनी कपाळावर हात मारला आणि मोठ्याने हसले. "अहो, फसलो मी! तो फोन नंबरच नाही."

"ठाऊक आहे. मीही तसाच फसलो होतो. सहा महिने रोज हाच नंबर फिरवत होतो." रतिलालनी पत्रिका घडी करून खिशात घातली आणि पंधराच्या पंधरा आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले.

शेठना आनंदाचं भरतं आलं. आपल्यासारखाच आणखी एक! "म्हणजे तुमच्याकडेही असाच सेट?"

"असाच नाही. हाच. माझ्या मुलाने अमेरिकेहून पाठवलेला. तुम्हाला कुणी दिला?"

"आमच्या जवाईसांनी!" शेठनी अभिमानाने फोन त्यांच्या हातात ठेवला. "तुमच्याकडून विकत घेतला असणार. बघा, योग कसा असतो! आता जेवल्याशिवाय सोडणार नाही तुम्हाला. ती बघा, वरात आलीच."

बँड दाराशी येऊन थडकला. सज्जनबाई ओवाळणीचं ताट घेऊन पुढे झाल्या. वरच्या खिडकीत मैत्रिणींच्या घोळक्यात मंजू वाकून बघत होती.

रतिलालनी बॅटरी काढली, चिठ्ठी पाहिली आणि परत लावली.

"मी विकला नव्हता, शेठ. लेकीच्या लग्नात जावयाला भेट दिला होता," ते वरातीकडे बघत म्हणाले. "त्या दिवशी त्याचं नाव अभयकुमार नव्हतं. पण घोड्यावर असाच बसला होता."