मागचं डावं चाक

गॅसकटर पेटला तसे कोंडिराम ओरडले, “बंद कर ते!”

दत्तारामने ज्योत बारीक केली. मुर्धा गावाच्या बाहेर, जुन्या मिठागराला लागून त्याचं गॅरेज होतं. समोर ठोकळ्यांवर ती मोटार उभी होती. पुढे एक चाक, मागे दोन, इंजिन मागच्या बाजूला, आणि सगळी मिळून जेमतेम म्हशीएवढी.

“काका, तुम्हाला बघायला बोलावलंय,” दत्ताराम म्हणाला. “मध्ये पडू नका. दोनदा पलटी झालीय ही. चासी कापून मागची चाकं लांब केल्याशिवाय काय होणार नाय. डिझाइनच चुकलंय.”

गाडीची मालकीण उर्मिला ओशाळली. ही गाडी बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. तिथले ड्राफ्ट्समन कोंडिराम अजून आहेत, हे तिनेच शोधून काढलं होतं. गाडीचं ड्रॉइंग त्यांच्या हातचं. आणि ‘डिझाइनच चुकलंय’ हे ते चाळीस वर्षं ऐकत आले होते.

कोंडिराम चिडले नाहीत. उर्मिलाकडे वळून त्यांनी विचारलं, “ताई, पलटी झाली तेव्हा शेजारी कोण बसलं होतं?”

“कोणीच नाही. दोन्ही वेळा मी एकटीच होते.”

“आणि दत्ताराम शेजारी असताना?”

“तेव्हा कधीच नाही झाली.”

“वळताना झाली. डावीकडे वळताना.”

“हो! तुम्हाला कसं कळलं?”

कोंडिरामांनी मागचं झाकण उचललं. इंजिन उजवीकडे. बॅटरी उजवीकडे. स्टेपनीसुद्धा उजवीकडेच. “चालवणारा उजवीकडे बसणार,” ते म्हणाले, “आणि हे सगळं वजनही त्याच्याच बाजूला. एकट्याने डावं वळण घेतलं की मागचं डावं चाक उचलणारच. मी ड्रॉइंगमध्ये बॅटरी आणि स्टेपनी डावीकडे दाखवली होती. वायर दीड हात कमी लागते म्हणून कारखान्यात इकडे बसवली.”

“कागदावर सगळं बरोबरच असतं, काका.”

“स्क्रूड्रायव्हर दे.”

गुडघ्यांवर बसून ते डाव्या बाजूचा पत्रा खरवडू लागले. रंगाचे पापुद्रे पडले, त्याखाली भरलेली पुट्टी निघाली, आणि एक गोल भोक उघडं पडलं. मग दुसरं. पाचव्या मिनिटाला आठ भोकं दिसत होती. चार बॅटरीची, चार स्टेपनीची. त्यांतून कधी एक बोल्टही गेला नव्हता.

दत्तारामने गॅसकटर बंद केला. त्याने पाने काढले आणि बॅटरी सोडवायला घेतली.

तासाभरात दोन्ही वस्तू डावीकडे बसल्या. बोल्ट अचूक लागले. उर्मिला चावी घेऊन पुढे झाली, तर कोंडिरामांनी हात पुढे केला.

“मी चालवतो. एकटा.”

“काका, या वयात हाड मोडलं म्हणजे?” दत्ताराम म्हणाला.

“ड्रॉइंग माझं आहे. पडायचं तर मीच पडेन.”

मिठागराची जमीन टणक आणि सपाट होती. गाडी फटफटत निघाली, वेग धरला आणि कोंडिरामांनी स्टिअरिंग डावीकडे ओढलं. उर्मिलाने डोळे मिटले. दत्ताराम मात्र सरळ पोटावर आडवा झाला, गाल जमिनीला टेकवला आणि चाकाखाली उजेड दिसतो का ते बघू लागला.

पहिली फेरी झाली. दुसरी त्याहून लहान. तिसरी इतकी आवळून की पांढरी धूळ त्याच्या तोंडावर आली. चाक जमिनीला चिकटून होतं.

“पटलं, काका!” तो पडल्या पडल्याच ओरडला. “शंभर टक्के पटलं! थांबवा आता!”

कोंडिरामांनी खिडकीतून हात बाहेर काढून ऐकू आल्याची खूण केली आणि गाडी पुन्हा डावीकडे वळवली.