चौदा नंबर

“गोळी दिलीस का गं मला?” विसरभोळी आई रोज सकाळी विचारायची. कामावर जायच्या घाईतली लेक मान वर न करताच म्हणायची, “दिली गं! किती डोकं खाशील?” आई ओशाळायची, “माझ्याच मेलीच्या लक्षात राहत नाही.”

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लेक रुग्णांच्या रक्तातली एकेक पेशी मास स्पेक्ट्रोमीटर यंत्रावर तपासून औषध आत पोचलं का ते बघायची. नमुन्यांवर नावं नसत, फक्त नंबर. चौदा नंबरच्या शंभर पेशींत औषधाचा मागमूस नव्हता. “गोळ्या घेत नाहीत आणि वर खोटं बोलतात!” ती करवादली.

डॉक्टरांनी नंबरांपुढच्या नावांची यादी काढली. चौदा नंबरपुढे तिच्याच आईचं नाव होतं.



संध्याकाळी दारातच आईने चाचरत विचारलं, “रागावू नकोस हं... आज गोळी दिलीस का गं मला?”