कानतुटका कप

"आजी, उठा आता. पेटी उघडायचीय," राजकुमार चौथ्यांदा म्हणाला.

म्हातारी स्टुलावरून हलली नाही. पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावर ओढून तिनं काचेच्या पेटीला पाठ टेकवली. "ह्यो कप न्यायचा तर आधी मला खोक्यात भरा," ती म्हणाली. खोकी भरणारी दोन माणसं गालातल्या गालात हसली आणि तंबाखू मळायला बाहेर गेली.

संग्रहालयाचा कायापालट चालला होता. तीस वर्षं धूळ खात पडलेल्या दालनांना आता नवे दिवे, पडदे, बोलणाऱ्या भिंती मिळणार होत्या. समितीला जुनं नको होतं, जुनाट दिसणारं नवं हवं होतं. नाणी राहणार, हिमरू शाली राहणार, तलवारी तर राहणारच. कान तुटलेला चिनी मातीचा एक कप तेवढा यादीतून बाद झाला होता. "लोक पोरंबाळं घेऊन येतात. त्यांना असलं कशाला दाखवायचं?" समितीचे अध्यक्ष विश्वजीतराव फोनवर म्हणाले होते. राजकुमारवर सगळ्या वस्तूंची जबाबदारी, पण त्यानं निमूटपणे "बरं साहेब" म्हटलं होतं. तेव्हापासून त्याला स्वतःचाच राग येत होता.

कारण तो कप कसला, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. असाच एक कप त्याच्या आज्याच्या नशिबी होता. मोठ्या घराच्या वळचणीला खोचलेला, घरात कधीच न येणारा. अंगणात बसायचं, आपल्याच हातानं तो काढून पुढं धरायचा, मग कुणीतरी वरून पाणी ओतायचं.

म्हातारी आठवडाभर रोज गारखेड्याहून रिक्षानं येत होती. पहिल्या दिवशी ती कपासमोर डोळे पुसत उभी होती. राजकुमारनं काय ते ओळखलं आणि "जय भीम, आजी," म्हणाला. ती जरा थांबून "जय भीम," म्हणाली. आपलं माणूस भेटलं म्हणून त्यानं लगेच चहा मागवला होता.

"घरचे काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

"लेक म्हणतो, जुनं उगाळू नको. आता आपलं नाव झालंय."

"सगळे तेच म्हणतात, आजी."

"त्याला लाज वाटती. मला बी लई वाटती. म्हणून तर ठिवायचा."

तेवढ्यात फोन वाजला. राजकुमारनं तो स्पीकरवर घेतला. "निघाला का तो कप?" विश्वजीतरावांचा आवाज दालनभर घुमला.

राजकुमारनं म्हातारीकडं पाहिलं. तिनं नजर वळवली नाही.

"नाही साहेब," तो म्हणाला. "निघणार पण नाही. दारातल्या पहिल्याच पेटीत ठेवतोय."

"मी येतो तिथं. मग बघू कोण कुठं राहतं ते."

नोकरी गेली तर गेली. राजकुमारला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं. त्यानं खिशातून पेन काढलं आणि कोरी पाटी पुढं ओढली. आधीच्या पाटीवर नुसतंच 'ग्रामीण कप' लिहिलेलं होतं.

"सांगा आजी. यातून कोण प्यायचं?"

"कडूबाई. सुईण व्हती, फुलंब्रीकडची."

"तुमच्या कोण?"

"माझं पहिलं बाळंतपण तिनं केलं. दोन दिस अडले व्हते मी. तिच्यामुळं दोघं वाचलो." म्हातारीनं पेटीतल्या कपाकडं बोट केलं. "मंग तिला तहान लागली."

राजकुमारनं लिहून घेतलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"आता घर कुणाचं ते लिवा," ती म्हणाली.

"नाव घातलं तर ते लोक कोर्टात जातील, आजी."

"जाऊ द्या. कारभारी पाटलाचं घर. वरून पाणी वतणारी, त्यांची सून द्वारकाबाई."

"या द्वारकाबाई आहेत अजून?"

"हाय की. तुमच्या म्होरं बसलीय. आन् तुमचा अध्यक्ष येतोय नव्हं, येऊ द्या. कडूबाईनं नाळ कापली ती त्याचीच."