लाल दोऱ्याचं पान

एका गाठोड्यातल्या झबल्यांना आतून लाल टाका होता, दुसऱ्यातल्यांना नव्हता. सुनेने दोन्ही गाठोडी खाटेवर उलटी केली आणि पोटावर हात ठेवून बघत उभी राहिली. कापड एकाच ताग्यातलं, सारखंच मऊ धुतलेलं. फक्त एका ढिगातल्या प्रत्येक झबल्याच्या खालच्या कडेला, दुमडीच्या आत, नखाएवढं पान भरलं होतं. ते इतकं रेखीव होतं, की सासूचे डोळे अधू झालेत हे कुणाला खरं वाटलं नसतं.

तिला कोडं उलगडायला वेळ लागला नाही. पानाची झबली नातवासाठी आणि साधी नातीसाठी. नात झालीच तर उघडी ठेवता येत नाही, म्हणून. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पानावरून बोट फिरवलं. दोरा मासे धरायच्या जाळ्याचा होता, नायलॉनचा, गुळगुळीत आणि चिवट. हा बाळाच्या अंगाला टोचेल हे म्हातारीला कळू नये, इतकं नातवाचं कौतुक.

सासू वस्तीतली शिवणकाम करणारी. आदिवासींना डोंगरावरून उठवून नदीकाठी आणून बसवलं, तेव्हापासून वस्तीच्या तोंडाशी तिचं मशीन होतं. सूनही त्याच लोकांतली, पण वरच्या खोऱ्यातली. तिकडे मोठा रस्ता अजून पोचला नव्हता, आणि रस्त्याबरोबर जे जे येतं तेही नाही.

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूने तिचे सगळे नवे कपडे मागून घेतले होते. शिवण कच्ची आहे, पक्की करून देते म्हणाली. आईच्या हातच्या शिवणीला नाव ठेवलं हे सुनेच्या जिव्हारी लागलं. ते ती विसरली नाही. तसं सासूचं सगळंच तिरपागडं. बायका दुकानातून आणलेले कोरे करकरीत कपडे तिच्याकडे टाकून जायच्या. त्यात दुरुस्त करण्यासारखं काय होतं, देव जाणे. सुनेने एकदा विचारलं तर म्हणाली, तुला कळेल तेव्हा कळेल.

भिंतीवर नणंदेचा फोटो होता. ती शहरातल्या लॉन्ड्रीत कामाला होती. एका संध्याकाळी कामावरून निघाली ती घरी आलीच नाही. सासूने पोलीस चौकीचे उंबरठे झिजवले. तुम्हा रानातल्या लोकांच्या पोरी पळूनच जातात, येईल पोट वाढवून परत, असं साहेबाने तिला तोंडावर सांगितलं होतं. पुढे एकदा त्यानेच तिला बोलावून घेतलं. तिथून परतल्यापासून तिने मुलीचा विषय काढला नाही, आणि कुणी काढला तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. आईसमोर ताईचं नाव घेऊ नकोस, एवढंच नवऱ्याने सुनेला बजावलं होतं. सुनेने त्यातून आपल्यापुरता अर्थ काढला. पोटच्या पोरीचं नाव जिने टाकलं, ती नातीला काय जवळ घेणार. तेव्हापासून ती मनातल्या मनात घोकत राहिली, मुलगाच होऊ दे. हौस म्हणून नाही. या घरात मुलीची आबाळ होईल म्हणून.

मुलगी झाली.

दवाखान्यात सासू आली ती गाठोडं घेऊनच. सून भिंतीकडे तोंड करून पडली. म्हातारीचा चेहरा तिला बघायचा नव्हता. पाठीमागे पाळणा करकरला, बाळ रडून गप्प झालं. बराच वेळ काही ऐकू येईना म्हणून ती वळली. सासूने बाळाला झबलं घातलं होतं आणि कड उलटून काहीतरी ओढून बघत होती. लाल पान.

"आई, चुकून मुलाचं गाठोडं आणलंत."

"नाही गं. पान मुलीलाच असतं."

सासू पाळण्याशी बसली आणि आवाज न चढवता बोलू लागली, जणू मापं सांगत होती.

"चौकीत टेबलावर नुसता शर्ट ठेवला होता. बाकी बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणाले, नदीत होती. शर्ट दुकानातला. तिला दुकानातलेच आवडायचे. साहेब म्हणाला, असले शर्ट अर्ध्या गावाच्या अंगावर आहेत, तुझ्याच पोरीचा कशावरून? अख्ख्या वस्तीचे कपडे मी शिवते, आणि माझ्या पोरीच्या अंगावर माझा एक टाका नव्हता. काय सांगणार. बेवारस म्हणून पुरली तिला."

वस्तीतल्या प्रत्येक घराचं पान वेगळं आहे, ती म्हणाली. कुणाला तीन शिरा, कुणाला पाच, कुणाचं देठ डावीकडे. बाकी दोरे पाण्यात कुजतात, जाळ्याचा कुजत नाही. मग तिने पानामागची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

सुनेने विचारलं, "आणि मुलगे?"

"मुलग्यांचे कपडे ओळखायला आईला कोण बोलावतं?"

सासू उठून पाणी आणायला गेली. सुनेच्या अंगात आईने शिवलेला कुडता होता, लग्नातला. तिने खालची कड उलटली, दुमड नखाने उचकटली. आत तेच पान होतं.