साहेबांचा कोर्स

या कोर्सला पुढे सरकवायचं बटणच नव्हतं. हर्षदने व्हिडिओखालची रेघ माऊसने ओढून पाहिली, ती परत जागेवर आली. मेल वाचायला दुसरी विंडो उघडली, तर इकडे व्हिडिओ थांबला. पडद्यावरची बाई तोंड अर्धवट उघडं ठेवून त्याची वाट बघत राहिली. थोड्याच वेळात त्याचा जीव मेटाकुटीला आला आणि त्याने नेहमीसारखी मानसीला हाक मारली.

मानसी त्याची असिस्टंट. अंधेरीच्या त्या औषध कंपनीत हर्षदसाहेबांची कामं म्हणजे मानसीची कामं. रिपोर्ट ती करायची, खाली नाव साहेबांचं. साहेबांच्या मुलाची फी तीच भरायची, बायकोच्या वाढदिवसाचा केकही तीच मागवायची. दरवर्षीचे ऑनलाइन कोर्ससुद्धा, आग लागल्यावर काय करावं असो की पासवर्ड कसा सांभाळावा, साहेबांचाच पासवर्ड टाकून ती भराभर पुढे ढकलत संपवून टाकायची. सगळ्याच केबिनमध्ये असं चालायचं. कंपनीला त्याची कुणकुण लागली असावी, म्हणून यंदा बटणच काढून टाकलं होतं.

पण हा कोर्स दरवर्षीचा नव्हता. ही शिक्षा होती. ऑफिसातल्या एका मुलीला नको ते मेसेज पाठवल्याबद्दल, आणि ती नाही म्हणाल्यावर तिची पगारवाढ अडवल्याबद्दल, महिलांच्या तक्रारी बघणाऱ्या कमिटीने हर्षदला ताकीद दिली होती. वर हा कोर्स स्वतः बसून पूर्ण करायला सांगितलं होतं. पास झाला की प्रकरण बंद. मग त्याचं रीजनल मॅनेजर होणं ठरल्यातच जमा होतं.

ती मुलगी मानसी होती.

आणि त्याच मानसीला तो म्हणाला, कमिटीचा तो कोर्स जरा उरकून टाक. खिजवायला म्हणाला असता तरी परवडलं असतं. पण नाही, तक्रार हिचीच होती हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मानसीच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. तक्रार करताना आईने किती विनवलं होतं, "गप रव, बाय. नोकरी जायत." ती गप राहिली नव्हती. सगळ्या ऑफिसच्या नजरा झेलून कमिटीसमोर बसली होती. आणि आता त्याची शिक्षासुद्धा तिनेच भोगायची होती.

"तुझ्यासारखं शुद्धबिद्ध लिहू नको हं, त्यांना संशय येईल," हर्षद कोट चढवत म्हणाला. "माझ्या डोक्याने उत्तरं दे. इतकी वर्षं ऐकतेयस ना, मी काय बोलतो ते?" आणि तो एका क्लायंटबरोबर जेवायला निघून गेला.

मानसी त्याच्या खुर्चीत बसली. व्हिडिओतली मुलगी बाथरूमचं दार लावून रडत होती. पुढे सरकवता येत नव्हतं. मानसीने ते सगळं रडणं ऐकलं. तिचं स्वतःचं रडणंही त्याच मजल्यावरच्या बाथरूममध्ये झालं होतं, आणि तेव्हाही त्यातलं काहीच पुढे ढकलता आलं नव्हतं.

मग पहिला प्रश्न आला. सहकारी मुलगी तुमच्याबरोबर बाहेर यायला नाही म्हणते. तुम्ही काय कराल? तिचं म्हणणं मान्य कराल, हा पहिला पर्याय. मानसीचा हात त्यावर गेलासुद्धा. साहेबांना पास करायची सवय तिच्याही हाताला लागली होती. तेवढ्यात तिला त्याचं वाक्य आठवलं. माझ्या डोक्याने.

तिने शेवटचा पर्याय निवडला. तिच्या पगारवाढीचा पुन्हा विचार कराल.

त्यानंतर तिला विचार करावा लागला नाही. प्रत्येक प्रश्नाला हर्षद काय म्हणाला असता, हे तिला तोंडपाठ होतं. सगळ्यात शेवटी एक रिकामी चौकट आली. या कोर्समधून तुम्ही काय शिकलात, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. मानसीने लिहिलं, "कमिटीला दाखवायला एक कोर्स करावा लागतो, बस. पोरगी अजून माझ्याच हाताखाली आहे." ताकीद मिळाली त्या दुपारी लिफ्टजवळ तो फोनवर कोणाला तरी हसत हेच सांगत होता. मानसी मागेच उभी होती. तिने एक शब्दही पदरचा घातला नाही.

पाठवलेली उत्तरं बदलता येणार नाहीत, असं पडद्यावर आलं. तिने पाठवून दिली. जागेवर जाऊन डबा उघडला आणि आईच्या हातचं बांगड्याचं कालवण कितीतरी दिवसांनी चवीने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी कमिटीच्या प्रमुख पार्वती कामत यांनी दोघांनाही बोलावून घेतलं. कामत मॅडमनी चष्मा लावला आणि चौकटीतला मजकूर सावकाश, मोठ्याने वाचला. हर्षदच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

"कोर्स तुम्ही स्वतः बसून करायचा होता," त्या म्हणाल्या. "ही उत्तरं तुमचीच ना?"

हर्षदने तोंड उघडलं. नाही म्हणावं, तर मग कोर्सला कोण बसलं होतं ते सांगावं लागणार. आणि ज्या मुलीने तक्रार केली तिलाच शिक्षेला बसवलं, हे ऐकल्यावर रीजनल मॅनेजर सोडा, होती ती खुर्चीही गेली असती. त्याने मानसीकडे पाहिलं. काही अडलं की तो असंच बघायचा आणि ती सावरून घ्यायची. आज ती त्याच्याकडे शांतपणे बघत बसून राहिली. तिला बरं वाटत होतं, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

"हो," हर्षद म्हणाला. "माझीच."

कामत मॅडमनी त्या उत्तरांच्या छापील कागदावर त्याची सही घेतली. नेहमीसारखंच झालं. काम मानसीने केलं, खाली नाव साहेबांचं लागलं.