होडीचा वाटा

चार कॅरम बोर्ड, आठ खेळाडू आणि तळ दिसू लागलेला पावडरचा एक डबा. मालवणजवळच्या कट्टा गावातल्या आपल्या खेळसाहित्याच्या दुकानात दर रविवारी फुकट स्पर्धा भरवणारा खालिद खुर्चीत टेकला.

"आजपासून पन्नास रुपये फी. पावडर, लाइट, माका आता परवडणा नाय."

"फी घे, पण सगळी जिंकणाऱ्याक," निकेत म्हणाला. "आमी खेळतलंव नि तू बसून कमवतलंस?"

वाद घालायचंही खालिदच्या जिवावर आलं होतं. त्याने होकारार्थी मान हलवली.

मालवणात मासेमारी होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, असलेले गुणाजीकाका जिंकले. चारशे रुपये हातात आल्यावर, मासळी किनाऱ्यावर आली की वाटतात तसे, त्यांनी बोर्डावर दहा सारखे वाटे घातले. आठ माणसांचे आठ. उरलेले दोन त्यांनी खालिदकडे सरकवले.

"एक होडीचो, एक जाळ्याचो."

"काका, हंय होडी खंय आसा?"

"जिच्यात बसलंव, ती."

निकेतने आपला वाटा खिशात घातला.

खालिदकडे ऐंशी रुपये आले. सोमवारी त्याने पावडरचा नवा डबा आणला. तो नव्वदला पडला.