आवळलेल्या वायरी

नेवेना गेल्याचा फोन रूसे शहरातल्या दवाखान्यातून आला, तेव्हा तिनं जुळवायला घेतलेला गेमिंगचा छोटा कॉम्प्युटर टेबलावर उघडाच होता. झिव्कोनं संतापानं लोंबणाऱ्या सगळ्या वायरी आत कोंबल्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून आवळल्या.

चाळिसाव्या दिवशी तिच्या नावानं उकडलेला गहू वाटून झाल्यावर तिच्या धाकट्या भावानं, प्लामेननं, त्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतला पंखा हलला नाही.

"दाजी, आधी चालू करून बघायचं, मग बांधायचं. आत एखादी वायर निसटलीय. पट्ट्या कापाव्या लागतील. ताईनं तुम्हाला चांगलं झापलं असतं."

"मग झापू दे की. येऊ दे तिला," झिव्को खेकसला आणि त्यानं कात्री स्वतःच्या खिशात घातली.

ती वायर जोडायची अजून राहिली आहे.